हाताला सांगून

"उगाच डोकं चालवते, म्हणून दगड वाकडा जातो," बुटांचे बंद आवळत ग्वेन पुटपुटली. शेजारी बसलेल्या मार्लिसला ते स्पष्ट ऐकू आलं.

"ऐकलं हं मी."

"ऐकावंस म्हणूनच बोलले. आयुष्यभर बर्फावर दगड सोडतेयस, आता विचार कसला करायचा त्यात? सोड आणि मोकळी हो."

उद्या शेजारच्या गावाशी कर्लिंगचा सामना होता; मूठ बसवलेला जड दगड बर्फावरून घसरवत पलीकडच्या वर्तुळात नेऊन थांबवायचा. शेवटचा दगड नेहमी मार्लिसचा. या हिवाळ्यात मात्र तो कधी डावीकडे भरकटे, कधी वर्तुळाच्या अलीकडेच दमून बसे.

बर्फावर उतरल्यावर तिने ग्वेनचं ऐकलं. डोकं रिकामं ठेवलं. रात्री जेवायला काय करायचं, तेसुद्धा मनात येऊ दिलं नाही. पाय रेटला, अंग घसरत पुढे गेलं, आणि दगडाची मूठ सुटता सुटता हातातच अडखळली. दगड थेट कडेच्या फळीवर.

"हेच ते! करतेयस ना अजून विचार!"

मार्लिस गोंधळली. विचार तर केलाच नव्हता.

पुढच्या वेळी, निव्वळ चिडून, तिने उलटं केलं. रविवारी नवख्या बायकांना शिकवताना सांगायची, तसं हळू आवाजात स्वतःलाच बजावत गेली. टाच टेक. गुडघा खाली. मनगट सैल. आता बोटं उघड, एकदम नाही. दगड इतका सरळ गेला, की दगडाची वाट गुळगुळीत करायला ब्रश घेऊन पुढे धावणाऱ्या ग्वेनला बर्फ घासावाच लागला नाही.

"बघ! सोडलास ना विचार?"

"नाही गं. एकेका बोटाचा केला."

"काहीतरीच! ते नवख्यांचं असतं."

मार्लिसने पुन्हा दोन्ही करून पाहिलं. बोलत सोडला की दगड सरळ जाई, गप्प राहिलं की हात अडखळे.

"म्हणजे मी परत नवखी झाले की काय?" ती हसली.

ग्वेन हसली नाही. ब्रशवरचा नसलेला बर्फ झटकत राहिली.

पलीकडच्या टोकाहून व्हर्ना, त्यांची कप्तान, सावकाश चालत आली. हातमोजे काढून तिने मार्लिसचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"उद्या शेवटचा दगड तूच सोड. मोठ्याने बोलत सोड, कोण काय म्हणतं ते मी बघते. पण सोमवारी डॉक्टरकडे जायचं, मी येते बरोबर. हा हात आता आपणहून चालत नाही, मार्लिस. थरथरतो. पानगळीतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून आम्ही सगळ्याजणी बघतोय."