चौकार अडवायला गेलेला गडी

सोजराबाईच्या घोंगड्या कळमनुरीच्या बाजारात लोक नाव घेऊन मागत, कारण घोंगडीला लावलेली चिंचोक्याची खळ ती खडखडीत वाळू द्यायची. ओली घडी घातली की घोंगडी चार दिवसांत पोत्यासारखी लोंबते. त्यापायी एखादा बाजार चुकला तर चुकला.

पोरगा मात्र असल्या धंद्यात पडला, जिथं बाजार चुकवायची सोयच नव्हती. शिवहार हैदराबादेत क्रिकेटचा कॉम्प्युटर गेम काढणाऱ्या कंपनीत होता. दरसाल एक नवा पार्ट. खेळ तोच, गडी तेच, कपडे तेवढे नवे. पण दिवाळीच्या तोंडावर तो दुकानात पोचलाच पाहिजे. शिवहारचं काम त्यातल्या चुका हुडकायचं. तो 'व्हय' म्हणाला की पार्ट निघायचा. "दिवसभर गेम खेळतो आन् पगार घेतो," असं सोजराबाईनं सांगितलं, की बाया तिच्याकडं कीव आल्यासारखं बघायच्या.

तीन दिवाळ्या तो आला नव्हता. चुका संपेस्तोवर निघता येत नाही, आणि संपल्या की पुढचा पार्ट सुरू.

बसस्टँडजवळ भावसिंगचं एसटीडीचं दुकान होतं. मोबाइल आले तसा तो धंदा बसला, मग त्यानं तिथंच कॉम्प्युटर मांडून पोरांना गेम खेळायला द्यायला सुरुवात केली. फोन मात्र ठेवला, बहुतेक सोजराबाईसाठीच. पोरांच्या कल्ल्यात ती एका कानात बोट घालून लेकाशी बोलायची.

दसऱ्याच्या सुमारास शिवहार म्हणाला, "आई, एक इचारू? पाचवा पार्ट कच्चा हाय. मी न्हाई म्हणलो तर उन्हाळ्यापस्तोर लांबंल, मला हितंच बसावं लागंल. व्हय म्हणलो तर दिवाळीला येतो."

"मला काय कळतंय बाबा त्यातलं?"

"कळंना का. सांग की."

तिला कळत होतं. घरी अंगणात ओली घोंगडी पसरलेली होती, म्हणूनच तर ती आज बाजाराला रिकाम्या हातानं आली होती. पण तीन दिवाळ्या एकटीनं करंज्या खाल्ल्या की माणसाची अक्कलसुद्धा जरा ओली राहते.

"व्हय म्हण," ती म्हणाली. "खेळच तर हाय. कोण मरतंय?"

शिवहार आला. पाचवा पार्टही आला, आणि त्याच्या मागोमाग तक्रारी. घरात रेंज नव्हती, म्हणून तो सारखा माळवदावर. खालून सोजराबाई हाका मारायची, "आरं, आंघोळीचं पाणी निवून चाललंय!" वरून उत्तर यायचं, "आलो, आई," आणि लगेच, "हाँ सर, देख रहा हूँ सर." पाणी पुन्हा तापायचं, पुन्हा निवायचं. पाडव्याला त्यानं बॅग उचलली.

"आलतो तरी की न्हाई?" तो पाया पडत म्हणाला.

"व्हय. माळवदापस्तोर आलतास."

दोघंही हसली. गाडी गेल्यावर तिनं त्याचं ताट घासलं. ते तसं फार खरकटं झालेलंच नव्हतं.

नंतर ती फोन करायला गेली, तर दुकानात हशा चाललेला. "मावशी, काय करून ठेवलं तुमच्या पोरानं!" भावसिंग म्हणाला. "चौकार अडवायला ह्यो गडी पळतो, रेघंच्या भाईर जातो आन् परत येतच न्हाई. धाच जण खेळून राहिले!"

पडद्याच्या कोपऱ्यात एक गडी जाहिरातीच्या फळीकडं तोंड करून उभा होता.

"हाक मार त्याला!" एक पोरगं ओरडलं.

"त्याला दुसरी नोकरी लागली बे!"

सोजराबाई त्या गड्याच्या पाठीकडं बघत राहिली. मग फोन न लावताच घरी आली.

पुढच्या साली दसऱ्याला पुन्हा तोच सवाल. "आई, सहावा बी कच्चाच हाय. काय करू?"

"त्यो गडी येतो का परत?"

"कोणता?" शिवहार हसला, मग त्याच्या ध्यानात आलं. "न्हाई. अजून न्हाई. त्याला टाइम लागंल."

"मग न्हाई म्हण."

"आन् दिवाळी?"

"दिवाळीचं मी बघते. तू खळ वाळू दे."

त्या साली तिनं करंज्या थोड्याच केल्या, आणि त्याही भावसिंगच्या दुकानातल्या पोरांनी खाल्ल्या. पार्ट का येईना म्हणून ती पोरं खाता खाता कंपनीला शिव्या देत होती. सोजराबाईनं ऐकून घेतलं.

सहावा पार्ट चैत्रात आला. बाजाराच्या दिवशी ती घोंगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊनच दुकानात शिरली. भावसिंगनं एक फटका मारला. चेंडू सुटला, गडी मागं धावला, रेघंच्या बाहेर गेला, वाकला, चेंडू फेकला आणि दुडक्या चालीनं आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. पोरांनी लक्षसुद्धा दिलं नाही.

सोजराबाईनं गठ्ठा खाली ठेवला आणि स्टुलावर बसली.

"मावशी, फोन लावू का हैदराबादला?"

"थांब जरा," ती म्हणाली. "आधी आणखी एक चौकार मार."