सतरा नंबरचा सडपातळ उंदीर

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे. यवतमाळच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. मला नाव मिळाले नाही, नंबर मिळाला. सतरा!

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या सालची ही गोष्ट. संशोधन करणारी सत्यशीला बोरी अरब गावची. तिच्या वावरात कापूस पिकला नाही, पण भुईआवळ्याचे कडू तण मात्र माजले. तुपकट खाण्याने यकृत आतून जणू गंजते. हे तण ते गंजणे रोखते का, हे तिला पाहायचे होते. म्हणून आम्हां चोवीस उंदरांना रोज वनस्पती तुपाचा बोराएवढा लाडू मिळे. निम्म्यांना वरून भुईआवळ्याचा रस. मी रसवाल्यांत होतो. तो रस पाजताना माझ्या शेपटीलासुद्धा शहारे येत!

महिन्याभरात सगळे टम्म फुगले. मी मात्र काडीसारखा. सत्यशीलेने मला तीनदा तोलले.

"काका, पाहा! एकावर तरी रसाचा चमत्कार! आता प्रबंधात लिहितो."

शिपाई उकंडाकाकांनी घाईघाईने मिशा पुसल्या. दाराजवळचा पिंजरा माझा, आणि माझा लाडू रोज कुठे जाई, हे आम्हां दोघांनाच ठाऊक होते.

"चमत्कार गिमत्कार काई नाई, ताई," काका खाली मान घालून म्हणाले. "याचा लाडू मीच खाऊन राह्यलो."

"काहून, काका?"

"कपाशी बुडाली तवापासून घरी तूप नाई. उंदीर तूप खाते अन् मी कोरडी भाकर! राहवलं नाई. आता मले बी तो रस पाजा."

सत्यशीला हसावे की रडावे अशा पेचात उभी. "तो अजून उंदरायपुरताच हाये, काका. तुमी लाडू सोडा."

कोणी पाहिले नव्हते. चमत्कार तसाच छापता आला असता. पण तिने वही उघडली आणि सतरा नंबरावर लाल शाईने काट मारली. मला फार अपमान वाटला.

प्रयोग संपला. तेवीस उंदरांची यकृते काचपट्टीवर गेली. रस प्यालेल्यांत चरबी थोडी कमी दिसली. बाद उंदराचे यकृत कोण पाहणार? मी जगलो.

मित्रांनो, यकृत एकच असते, ते जपा. आणि जेवताना कधीतरी माझ्या त्या तेवीस भावंडांची आठवण काढा. त्यांना कोणी विचारले नव्हते.