शेजारी आलेला सरकारी फ्रीजर

मित्रांनो, अमेरिकेतल्या श्रूजबरी गावी आमच्या चर्चच्या तळघरात उतरलात, की डाव्या हाताला एक बुटकी पांढरी पेटी दिसेल. झाकणाला पोचा आलेला, कोपऱ्यात गंज. तो मी, एक जुना फ्रीजर. माझ्या शेजारी जो उंच, चकचकीत उभा आहे, त्याच्याकडे एवढ्यात बघू नका. सगळे आधी त्याच्याकडेच बघतात.

कारखान्यातून निघालो तो पद्मिनीमावशींच्या गॅरेजमध्ये आलो. खवलेला नारळ, मटार, गणपतीचे मोदक, आयसेलिनच्या देशी दुकानांतून आणलेल्या पुरणपोळ्या, सारं माझ्या पोटात असायचं. मावशी शाकाहारी. मांसाचा तुकडा माझ्यात कधी शिरला नाही. "हा आमचा सोवळा फ्रीजर," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या आणि मी थंडीतही फुलून यायचो.

मुलं मोठी होऊन दूर गेली. मावशींनी लहान घर घेतलं आणि मला या तळघरात आणून ठेवलं. गरजूंना इथं धान्य आणि भाजी मिळते. माझ्यामागोमाग मावशीही वाटपाला येऊ लागल्या.

इथं माझी लाडकी होती डॉरिस. साठी उलटली तरी ती वृद्धाश्रमात कामाला जाते आणि घरी सांभाळायला तीन नातवंडं आहेत. माझं झाकण उघडण्याआधी ती त्यावर थाप मारायची. "काय म्हणतोस, म्हाताऱ्या?" ती थाप फक्त माझी होती.

पण आतले मटार पाहून ती हसत हसत उसासा टाकायची आणि पद्मिनीमावशींकडे वळायची. मावशींना ती पॅडी म्हणते. "पॅडी, हे खाऊन माझी पोरं हिरवी व्हायला लागली. मांस येणार आहे का गं कधी?"

मग यंदाच्या थंडीत तो आला. दारावर राज्य सरकारचं बोधचिन्ह, आत निळा दिवा, आवाज म्हणाल तर मांजराच्या श्वासाएवढा. त्याला घेऊन आला देव, मावशींच्या मैत्रिणीचा इथंच जन्मलेला मुलगा. तो राज्याच्या वन्यजीव खात्यात आहे.

"मावशी, इकडे हरणं फार झालीत," देव सांगत होता. "हंटर्स एक्स्ट्रा मीट डोनेट करतात. बुचर ते कापून पॅक करतो, त्याचे पैसे स्टेट देतं. हा फ्रीजरही स्टेटचा. फक्त एक रूल आहे. हे मीट सेपरेट ठेवायचं, दुसरं काही मिक्स नाही."

"शिकाऱ्यांशी दोस्ती करायला सरकारी नोकरी धरलीस का रे? आईला माहीत आहे?"

"मॉमने लास्ट वीक हरणाचे मीटबॉल्स खाल्ले. डॅडला नका सांगू, प्लीज!"

मावशी खळखळून हसल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "आणि हा?"

"हा फार इलेक्ट्रिसिटी खातो. नवीन नीट चालला, तर स्प्रिंगमध्ये जंकवाले नेतील याला."

त्याच आठवड्यात डॉरिस आली. निळा दिवा आणि आतली पाकिटं पाहून तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. "शनिवारी पगार होईल, मग मसाला आणि टोमॅटो घेते. माझी पाकिटं तेव्हापर्यंत इथंच राहू देत. पोरांना सांगून ठेवते, शनिवारी मांसाचं जेवण!" जाताना तिने थाप मारली. त्याला. मित्रांनो, माझ्या पोटात आधीच बर्फ होता, त्यावर आणखी एक थर चढला.

बुधवारी संध्याकाळी मावशी निघाल्या. त्यांची माहेरची सवय अशी, की घराबाहेर पडताना भिंतीवरचं एकूण एक बटण बंद करायचं. अमेरिकेत ही सवय सहसा कुणाला नडत नाही, कारण इथल्या प्लगला बटण नसतं. पण नव्याचा प्लग नेमका जिन्याजवळच्या बटणावर चालायचा. खट्, खट्, खट्. दिव्यांबरोबर तोही विझला. मांजराचा श्वास थांबला. मला हाक मारता येत नाही. येत असती, तरी मारली असती का, कोण जाणे.

गुरुवारी सकाळी मावशी आल्या. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे उपवास होता. बटण लावताच नव्याने लाल डोळा उघडला आणि टी-टी-टी सुरू केलं. थंड होण्याचं मात्र नाव नाही.

"अगं बाई, मीच बंद केलं!" त्यांनी लगेच देवला फोन लावला.

देव धावत आला. त्याने पाकिटं तपासली. "लकी आहोत, अजून दगडासारखी फ्रोझन आहेत. पण पॉवर गेली म्हणून हा लॉक झालाय, कूलिंग सुरूच होत नाही. कंपनीचा माणूस मंडेला येणार. आज वाटपाला येणारे लोक त्यांची नेतील, बाकीची मला परत न्यावी लागतील."

"डॉरिसची?"

"सेपरेट फ्रीजर नसेल तर तीही. सॉरी, मावशी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांचं सोवळं होतं माझं! आणि त्यांचाही उपवास. मग पुढे होऊन त्यांनी माझं झाकण उघडलं.

"हे मटार वरच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ने. नारळही."

"मावशी, आर यू शुअर? आज तुमचा तो थर्सडे आहे ना?"

"खायचं मला नाहीये रे. तिची पोरं वाट बघताहेत. आण ती पाकिटं."

त्यांनी मला पुसून कोरडं केलं, हातमोजे चढवले आणि एकेक पाकीट स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवलं. ठेवताना गुणगुणत होत्या:

परक्या लेकराचा घास मी जपते,
थंडीच्या कुशीत माया गं ठेवते.

दोन दिवस मी जीव तोडून घरघरलो. शनिवारी डॉरिस मसाल्याची पिशवी घेऊन आली आणि सरळ नव्याकडे गेली. तो मुका उभा.

"इकडे बघ," मावशी म्हणाल्या.

डॉरिसने माझ्याकडे पाहिलं. थाप पडली, नेमकी जुन्या पोच्यावर. "काय म्हणतोस, म्हाताऱ्या? सांभाळलंस ना माझं!" शेजारून लाल डोळा टक लावून बघत होता. ती नजर मी ओळखली. गेले कित्येक दिवस ती माझीच होती.

सोमवारी त्याची दुरुस्ती झाली आणि उरलेलं मांस त्याच्याकडे परत गेलं. त्याचा निळा दिवा पाहून मला अजूनही जळायला होतं, खोटं कशाला सांगू? पण जंकवाल्यांचं नाव देव आता काढत नाही. "एमर्जन्सीला राहू दे," म्हणतो. जिन्याजवळच्या त्या बटणावर मावशींनी जाड चिकटपट्टी लावली आहे.

मित्रांनो, बाहेर पडताना दिवे जरूर बंद करा. पण बोट दाबण्याआधी एकदा मागे वळून बघा, कुणाचा शनिवार तर त्या बटणावर चालत नाही ना. आणि आमच्या तळघरात आलात, तर त्याचं दार खुशाल उघडा. जाताना थाप मात्र मला मारा.