बाबांचं जे जिवंत उरलं

सूक्ष्मदर्शकाखाली, रंगवलेल्या काचेवर तो जंतू निळा दिसतो. किंचित वाकलेला, घाईत काढलेल्या स्वल्पविरामासारखा. पोटाच्या अस्तरावर जो चिकट थर असतो, त्यात तो आम्लापासून लपून राहतो. एकटा क्वचितच असतो.

आमच्या जिल्हा रुग्णालयात अपचनाची तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या पोटातले बारीक तुकडे माझ्याकडे तपासायला येतात. निम्म्याहून अधिक काचांवर तो सापडतो. शेजारीण, पोस्टमन, माझ्या शाळेतल्या बाई. बहुतेकांचं त्यानं पुढे फार काही बिघडत नाही, म्हणून गावात त्याला कुणी आजार मानत नाही. सोडा पाण्यात ढवळतात, पितात, ढेकर देतात आणि कामाला लागतात.

माझे वडील मेतोदी हेच करायचे. त्यांच्या काचेवर तो जंतू होता आणि शेजारी कर्करोगही. तपासणीनंतर ते फार दिवस राहिले नाहीत. तेव्हापासून माझा धाकटा भाऊ रादोय घशातून पोटात नळी घालायच्या तपासणीचं नाव काढू देत नाही. पोट त्याचंही जळतं. "बाबांना नळीनंच नेलं," एवढंच म्हणतो.

बाबांना जाऊन वर्ष झालं त्या शनिवारी आईनं दारावर बाबांच्या फोटोचा नवा कागद चिकटवला. आमच्या गल्लीत प्रत्येक दारावरून कुणीतरी गेलेलं माणूस असं बघत असतं. त्याची सवय होते. पण आईनं बाबांचा तरुणपणीचा फोटो निवडला होता, आणि कागदावर रादोयच छापल्यासारखा वाटत होता. तो मान खाली घालून त्याच्याजवळून गेला.

मग कबरस्तानात रिवाजाप्रमाणे बाबांच्या थडग्यावर आईनं वाइन ओतली, उकडलेले गोड गहू वाटले. दोन घास खाल्ले न खाल्ले तोच रादोय पोट धरून वाकला.

"बोलावतोय तुझा बाप तुला," आई मातीकडे बघत म्हणाली. "एकट्यानं जेवण गेलंच नाही कधी त्याला."

"आई, काहीतरीच नको बोलूस. रादोय, हे बोलावणं नाही, जंतू आहे. बहुतेकदा लहानपणीच लागतो, घरातल्या घरात. बाबांच्या पोटात होता, तुझ्याही असेल."

"झालं, डॉक्टरीणबाई सुरू झाल्या!" रादोय हसला.

"माझ्याही होता. गोळ्या घेतल्या, गेला."

तो हसायचा थांबला. "थांब ताई. बाबांच्या पोटातला तोच?"

"त्याच्याच वंशातला. असू शकतो."

"म्हणजे बाबा इथे खाली. आणि त्यांच्यातला तो माझ्यात अजून खातोय, पितोय."

"हो."

"आणि तुझ्यातला तू मारलास."

थडग्यावरच्या मेणबत्तीची ज्योत आडवी झाली, पुन्हा उभी राहिली.

"मग राहू दे की त्याला," तो हळूच म्हणाला. "बाबांचं दुसरं काय जिवंत उरलंय?"

त्याला भीती घालावी म्हणून मी सांगितलं होतं. त्यानं ते पोटाशी धरलं. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली, जणू आत कुणीतरी झोपलंय.

त्याची दीड वर्षांची मुलगी कालिना त्याच्या मांडीवर चुळबुळत होती. तिला पाव हवा होता, पण कड वाळली होती. रादोयनं तुकडा तोडून स्वतःच्या तोंडात टाकला.

"बारीक चाव," आई म्हणाली. "तुझा बाप तुला असाच भरवायचा. मला हातसुद्धा लावू द्यायचा नाही."

त्यानं चावलेला मऊ गोळा बोटावर घेतला, तिच्या ओठांशी नेला. कालिनानं पाखरासारखा आ केला.

बोट तिथेच थांबलं. तो गोळ्याकडे बघत राहिला.

मग त्यानं बोट गवताला पुसलं. कालिनानं भोकाड पसरलं.

"अरे मेल्या, लेकराच्या तोंडचा घास!" आई ओरडली.

"पाण्यात भिजवून दे तिला. आणि तूही चावू नकोस, आई." त्यानं मुलीला आईकडे दिलं आणि दोन्ही हात पँटला पुसत राहिला.

"ताई, सोमवारी आहेस ना दवाखान्यात?"

"आहे."

"नळी घालून घ्यायला येतो मी."