डिंकाने चिकटवलेले पाणी

मित्रांनो, मी पाण्याच्या रेणूंचा एक जुना लाकडी नमुना आहे. महाविद्यालयाच्या रसायनशाळेत, काचेच्या कपाटात माझे आयुष्य गेले. जुनी वस्तू बोलू लागली की आपल्याच गुणांचे पाढे वाचते. मला मात्र एक अपराध कबूल करायचा आहे.

रसायनशास्त्राच्या बाईंनी मला सुट्टीत घरी बसून बनवले. सात लाल गोळे म्हणजे ऑक्सिजन. प्रत्येकाला दोन पांढरे गोळे, ते हायड्रोजन. हे एकमेकांत इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात, त्याला सहसंयुज बंध म्हणतात. तो भक्कम, म्हणून बाईंनी तिथे खुंट्या ठोकून बसवल्या. मिठात भागीदारी नसते. तिथे सोडियम आपला इलेक्ट्रॉन सरळ क्लोरीनला देऊन टाकतो आणि मग दोन विरुद्ध भार एकमेकांना घट्ट धरून राहतात. पाण्यातला ऑक्सिजन भागीदार खरा, पण जरा आपमतलबी. तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्याच्यावर थोडा ऋण भार येतो, बिचाऱ्या हायड्रोजनवर थोडा धन. मग हा हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. आतल्या बंधाच्या मानाने तो जेमतेम विसाव्या हिश्शाइतका बळकट असतो. पाण्यात तो सारखा तुटतो आणि पुन्हा जुळतो. त्याच्यासाठी बाईंनी मोडक्या कंपासपेट्यांच्या झाकणांतली चुंबके काढून बसवली.

दर वर्षी पहिल्याच तासाला बाई मला उचलून गदागदा हलवत आणि म्हणत, "उकळलं पाणी." मी टेबलावर, बाकांखाली, सगळीकडे सांडत असे.

"आता शोधा. एखादा पांढरा गोळा सुटा झालाय का?"

कधीच सापडत नसे. सात रेणू सातच असत, फक्त एकमेकांपासून सुटलेले. ती वाफ.

मला गोळा करायचे काम मामांचे, म्हणजे रसायनशाळेच्या शिपायांचे. दुखरे गुडघे टेकून ते बाकांखाली शिरत आणि पुटपुटत, "बाई एवढ्या हुशार, पण काम काही पक्कं नाही."

बाई निवृत्त झाल्या. दुसऱ्याच आठवड्यात मामांनी डिंकाची बाटली आणून माझा एकेक चुंबकी सांधा चिकटवून टाकला. खरे सांगतो, मला फार बरे वाटले. सांडण्याची मला लाज वाटायची. आता पाहुणे काचेतून बघून माझी तारीफ करत आणि मी फुगून जात असे. नवे सर सदा घाईत. काचेवर बोट ठेवून ते "हे पाणी" एवढे सांगत आणि फळ्याकडे वळत.

मामांची मुलगी तिथेच शिकत होती. तिला पुढे प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हायचे होते. वडिलांचे काम आवरेपर्यंत ती मला कपाटातून काढून बसे. एकदा तिने माझा प्रत्येक सांधा ओढून पाहिला. आतला ओढला, बाहेरचा ओढला. एकही हलला नाही. तिने वहीत लिहिले, 'सगळे बंध सारखेच पक्के.' मी ते पाहिले आणि ताठ बसून राहिलो.

तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी तोंडी परीक्षेचे गुण महत्त्वाचे होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रसायनशाळेतच तिला विचारले, "पाणी उकळलं की काय तुटतं?"

"सगळंच, सर. हायड्रोजन वेगळा होतो, ऑक्सिजन वेगळा."

"मग चहा ठेवताना तो हायड्रोजन पेटून रोज घरात भडका उडाला असता की. हे कुणी शिकवलं तुला?"

तिने फक्त माझ्याकडे बघितले. मागे बेसिनपाशी मामा परीक्षानळ्या धूत होते. त्यांचे हात थांबले.

तिचा प्रवेश दोन गुणांनी हुकला. निकालाच्या दिवशी मामांनी मला गरम पाण्याच्या बादलीत बुडवले आणि सुरीच्या टोकाने डिंक खरवडू लागले. मुलगी शेजारी उभी होती.

"बाईंनी ते मुद्दाम सुटं ठेवलं होतं गं," मामा म्हणाले. "मला वाटलं, राहून गेलंय."

"एकदा विचारायचं तरी ना, बाबा."

मामा खाली मान घालून खरवडत राहिले. सुरी जरा जोरात लागली आणि एक खुंटी मोडून पांढरा गोळा निखळला. मुलीने तो उचलला, डिंक लावला आणि घट्ट दाबून धरला. "इथे डिंक चालतो," ती म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच किंचित हसली. पण तिचे ते वर्ष वाया गेले ते गेलेच.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू नीटनेटकी दिसली म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नका. तिला हलवून बघा. आणि दुरुस्त करण्याआधी, ज्याने ती बनवली त्याला विचारा.

आता नव्या सरांच्या पहिल्या तासाला मामा स्वतःच मला हलवतात. मी सांडतो. मग ते गुडघे टेकून बाकांखाली शिरतात आणि सातही रेणू सापडेपर्यंत मोठ्याने मोजत राहतात.