वादळातला फ्लॅट

पिलार आणि गास्पार वेगळे झाले होते, तरी जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, सुट्टीला मुलीसाठी दोघांनी चिय्यानच्या बर्फाळ डोंगरावरचा नेहमीचाच फ्लॅट घेतला. अकरा वर्षांच्या रेनाताला वाईट वाटू नये, म्हणून दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखं गोड बोलत होते.

दुसऱ्याच दिवशी वादळ आलं. स्कीच्या लिफ्ट बंद झाल्या, खाली जायचा रस्ताही बंद झाला. पिलार घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. गास्पार खिडकीपाशी जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा.

"चहा घेणार?" पिलारने विचारलं.

"तुला त्रास नसेल तर."

"त्रास कसला त्यात."

रेनाताने हातातले पत्ते खाली टाकले. "आई, तुम्ही दोघं असं बोलायला लागलात की मला इथे थांबवत नाही. त्यापेक्षा भांडा ना."

"अगं, आम्ही तुझ्यासाठीच…"

"माहितीये. पण पुढच्या वेळी मी आधी बाबाबरोबर राहीन, मग तुझ्याबरोबर. चालेल?"

गास्पार खिडकीपासून वळला आणि हसायला लागला. "जीभ अगदी तुझ्यावर गेलीय हिची."

"आणि तू भिंतीपलीकडूनही घोरतोस," पिलार म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

रस्ता उघडल्यावर पिलार पहिल्या बसने निघाली. सुट्टीचे उरलेले दिवस रेनाता बापाजवळ राहिली. बसमध्ये आपल्याला रडू येईल, असं पिलारला वाटलं होतं. त्याऐवजी तिला भूक लागली, आणि पहिल्या थांब्यावर उतरून तिने भोपळ्याच्या दोन गरम, पुरीसारख्या तळलेल्या सोपायपिया खाल्ल्या.