इंजिनाचं तिसरं रूप

नखांच्या कडेला उरलेली हळद, मनगटात चार हिरव्या बांगड्या आणि उन्हात माझ्यासमोर उभा धरलेला तळवा. माझी बायको गोदा आठवली की आधी तो तळवा दिसतो. "अवं, सांगू नगा!"

माझा धंदा जुन्या सामानाचा. लोणावळ्यातला एखादा बंगला रिकामा झाला की तिथल्या खुर्च्या, दिवे, आरसे मी उचलायचो. आंदर मावळातून अनवाणी आलेला मी लिलावात भल्याभल्यांना गप्प करायचो, कारण वस्तूची खोड मला मालकाआधी कळायची. गोदाचं उलट. घडीची खुर्ची असो की कळीचा डबा, ती कशी उघडते हे तिला कुणी सांगायला नको असे. स्वतः चाचपडत जाण्यातच तिचा जीव. दुपारच्या तिरप्या उन्हात उंबऱ्यावर बसून, डोळे अर्धे मिटून, नुकत्या जन्मलेल्या वासराच्या अंगावरून फिरवावीत तशी ती बोटं फिरवी. कुठेतरी 'टक्' होई, आणि तिचं हसू आधी खांद्यांत येई, मग ओठांवर.

ज्या वर्षी डोंगरावर सात वर्षांतून एकदा येणारी कारवी फुलली, त्या वर्षी एका बंगल्यातल्या खोक्यात पत्र्याचं इंजिन मिळालं. कुणा हुन्नरी फिटरनं आपल्या लेकरासाठी हातानं घडवलेलं असावं. धुराडं आत दाबलं, चाकं वळवली की त्यातून हातपाय काढून एक माणूस उभा राहायचा. मला ते बघताक्षणी उमगलं. गोदानं तळवा उभा धरला. पुढचे आठ दिवस दारासमोरचा सगळा डोंगर जांभळा होता, आणि चाळिशीला टेकलेली ती बाई त्या उजेडात नऊ वर्षांची दिसत होती. चाकं वळली. एकेक करून हातपाय सुटले. डोकं तेवढं राहिलं होतं.

नवव्या दिवशी मुंबईचं गिऱ्हाईक आलं. इंजिनाचा भाव अडला आणि माझं डोकं फिरलं. करामत दाखवायला तिच्या हातातून ते ओढून घेऊन दोन झटक्यांत मी माणूस उभा केला. गिऱ्हाईक तरीही गेलं. गोदाचा चेहरा आतून कडी लावून घेतल्यासारखा झाला.

"भांड की माझ्याशी," मी म्हणालो. "काय पायजे सांग. लुगडं आणतो."

"न्हाई. झालं ते झालं," म्हणून ती तांदूळ पाखडायला बसली.

माझा राग आजही तोच आहे. सगळ्या बाजाराशी हुज्जत घालणाऱ्या माझ्याशी तिनं हुज्जत घातली नाही. एवढं मोठं नुकसान तिनं फुकटात सोडून दिलं. मग मी इंजिन विकलंच नाही. मी बाहेर गेलो की ती ते मांडीवर घेऊन बसते, एवढं मला कळत होतं.

काही वर्षांनी तिच्या छातीनं दगा दिला. भादव्यातल्या एका सकाळी खाटेवरून तिनं ते माझ्या हातात ठेवलं.

"यात तिसरं बी हाय. इंजिन न्हाई, मानूस बी न्हाई."

"काय हाय? दाव की."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खांदे हलले, आणि काडीसारख्या हातावरचा तो तळवा हळूच उभा राहिला. "सांगत न्हाई. तुमचं तुमी शोधा. लय ग्वाड असतंय त्ये."

तीन दिवसांनी ती गेली.

बाजारातला घड्याळजी म्हणाला, तासाभरात उलगडून देतो. त्याच्यावर मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. आता कारवी पुन्हा फुलून गेली आहे. भाव ओळखणारी माझी बोटं उंबऱ्यावरच्या त्याच उन्हात पत्रा चाचपत राहतात. कधी वाटतं, तिसरं काही नसेलच. आपल्यामागे मला काहीतरी काम राहावं म्हणून तिनं ते रचलं असेल. पण गोदा खोटं बोलत नसे. ज्या दिवशी ते सापडेल, त्या दिवशी तिचं माझ्याकडे काहीच उरणार नाही. म्हणून हल्ली बोटं कुठे अडली, तर मी जोर लावत नाही.